यादी द्या, पण रकाना बघून द्या

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यांची अडचण थोडक्यात अशी:

"मी २७ वर्षांची. तालुक्याच्या कार्यालयात निराधार अनुदानाच्या शाखेत कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर आहे. करार अकरा महिन्यांचा, दर वेळी पुढे वाढवून मिळतो. आमच्याकडे मंजूर लाभार्थ्यांची जी एक्सेल असते तिच्यात नाव, गाव, आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल आणि प्रवर्ग असं सगळं असतं. दुरुस्त्यांसाठी ती सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली जाते. ग्रुपमध्ये शंभरावर लोक आहेत. गेल्या महिन्यात एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याने साडीवाटपासाठी विधवा महिलांची यादी मागितली. साहेब म्हणाले, 'दे पाठवून, सरकारचीच यादी आहे, लपवायचं काय त्यात?' मी अजून पाठवलेली नाही. त्याच आठवड्यात एक माणूस आला आणि वेगळ्या राहणाऱ्या बायकोचं प्रकरण मंजूर झालं का, तिने पत्ता कुठला दिलाय, असं विचारू लागला. संगणक बंद आहे असं सांगून मी त्याला परत पाठवलं. तो पुन्हा येणार आहे. सहकारी म्हणतात, सगळ्यांची माहिती केव्हाच बाहेर गेलीय आणि माहिती अधिकारात मागितली तर द्यावीच लागते. मी उगाच जास्त विचार करतेय का? तक्रार करू, गप्प बसू, की नोकरीच सोडू?"

ताई,

तुम्ही जास्त विचार करत नाही आहात. यादी आणि साहेब यांच्याकडे आपण नंतर येऊ, कारण तो माणूस कदाचित उद्याच पुन्हा तुमच्या टेबलासमोर उभा राहील. आधी त्याचं बोलू.

संगणक बंद आहे हे एकदाच चालतं. दुसऱ्या वेळेला तो बाकावर बसून राहील, नाहीतर तुम्ही जेवायला गेल्यावर शेजारच्या टेबलावर विचारेल. म्हणून खोटं सांगू नका, नियम सांगा. "अर्जदार स्वतः आल्याशिवाय कोणत्याही प्रकरणाची माहिती देता येत नाही. प्रकरण आहे की नाही, हेसुद्धा नाही." शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. "आहे, पण पत्ता देता येत नाही" एवढं जरी म्हणालात तरी ती याच तालुक्यात आहे हे त्याला कळलं. हेच वाक्य सगळ्यांना सांगा, भल्या वाटणाऱ्या माणसालाही. फक्त त्याच्यापुरतं सांगितलंत तर तो त्यातूनही अर्थ काढेल. शेजारच्या टेबलांनाही आजच सांगून ठेवा.

हे मी एवढ्या ठामपणे का सांगते, तेही ऐका. मी महसूल खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली पहिली काही पुरवठा शाखेत, शिधापत्रिकांच्या टेबलावर. तेव्हा सगळा कारभार रजिस्टरवर चाले. एक दिवस एक माणूस आला. इस्त्रीचे कपडे, बोलणं मऊ. म्हणाला, "मॅडम, बायको रुसून गेलीय, तिचं नाव कुठल्या कार्डावर चढलंय तेवढं सांगा, मुलाच्या शाळेचं अडलंय." मला दया आली. मी रजिस्टर उघडलं, त्याला वाचता यावं म्हणून त्याच्याकडे फिरवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिच्या मावशीचं गाव होतं ते. पंधरा दिवसांनी ती बाई आली. भुवईवर टाके होते. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाई, माझा पत्ता त्याला कुणी दिला?" मी खाली मान घालून बसले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत समोरच्या माणसाकडे मी एकही रजिस्टर फिरवलं नाही.

तुमच्या प्रकरणातल्या बाईंनाही, साहेबांच्या कानावर घालून, अर्जातल्या क्रमांकावर फोन करा. "तुमच्याबद्दल कार्यालयात चौकशी झाली होती, आम्ही काही सांगितलेलं नाही," इतकंच कळवा. त्यांना भीती वाटत असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी असतात, त्यांची गाठ घालून द्या. आणि तो माणूस कार्यालयातच आवाज चढवू लागला तर ११२ ला फोन करायला कचरू नका.

आता साहेबांचं वाक्य. "सरकारचीच यादी आहे." आपल्या कार्यालयांत हे इतक्या सहज म्हटलं जातं की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. कागद सरकारचा, शिक्का सरकारचा, म्हणून आतली माहितीही सरकारची. पण त्या यादीतल्या आजीने आपला खातेक्रमांक सरकारला दान दिलेला नाही. महिन्याचे दीड हजार रुपये खात्यावर यावेत म्हणून तिने तो ठेवायला दिलाय. तिच्याकडे दुसरा पर्यायही नव्हता. अर्जातला रकाना कोरा सोडला असता तर प्रकरण त्रुटीत निघालं असतं. बँकेत आपण कर्ज नाकारू शकतो, ॲप काढून टाकू शकतो. निराधार बाई तहसीलला नाही म्हणू शकत नाही. म्हणून इथली जबाबदारी बँकेपेक्षा मोठी आहे, असं मला वाटतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल अंगठा उठवणाऱ्या आजीलाही लागू आहे.

तुमच्या यादीतला 'प्रवर्ग' हा रकाना जरा जवळून बघा. तुमच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा येतात, परित्यक्ता येतात, दिव्यांग येतात, तृतीयपंथी येतात आणि क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, एड्स अशा आजारांनी काम सुटलेली माणसंही येतात. म्हणजे तो एक शब्दाचा रकाना कुणाचं दुखणं सांगतो, कुणाचं मोडलेलं घर सांगतो. शंभर जणांच्या ग्रुपमध्ये त्या बाईच्या दिराचा मित्र असतो, तिच्या दुकानदाराचा भाऊ असतो. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. ज्या संस्थेकडे अशी नोंद असेल तिच्यावर ती जपण्याची जबाबदारी त्याने टाकली आहे. आधार कायद्याच्या कलम २९ मध्येही स्पष्ट लिहिलंय की कुणाचा आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायचा नाही, लावायचा नाही. फलकावर यादी डकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते कलम वाचलं असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

सहकारी म्हणतात, सगळं केव्हाच बाहेर गेलंय. त्यात तथ्य आहे, ते नाकारून उपयोग नाही. एप्रिल २०१७ मध्ये झारखंडच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक पेन्शनधारकांचे आधार क्रमांक आणि बँक तपशील कुणालाही दिसत होते. पुढच्याच महिन्यात सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने चार सरकारी पोर्टलं तपासून जवळपास १३ कोटी आधार क्रमांक असेच उघड्यावर असल्याचा अंदाज मांडला. त्यात पेन्शन आणि रोजगार हमीची पोर्टलं होती, म्हणजे तुमच्या एक्सेलचीच मोठी भावंडं. कुणी कुलूप फोडलं नव्हतं, दारच उघडं होतं. पण यावरून "आता झाकून काय उपयोग" असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. सुटा आधार क्रमांक एक वेळ निरुपयोगी असेल. नाव, गाव, योजना, बँक आणि चालू मोबाइल एकत्र आले की ते हत्यार होतं. "आजी, तुमचं संजय गांधीचं अनुदान या महिन्यापासून बंद होतंय, अमुक बँकेतलं खातं ना तुमचं, शेवटचे चार आकडे हेच ना? आता मेसेज आलाय त्यातला नंबर सांगा." फोन करणाऱ्याला इतकं ठाऊक म्हटल्यावर आजीला तो तहसीलचाच माणूस वाटणार. ओटीपी ती यादीवर विश्वास ठेवून देते. शिवाय बाहेर गेलेली यादी जुनी होत जाते, नंबर बदलतात, पत्ते बदलतात. ताजी यादी दर महिन्याला आपण पुरवतोय.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं एकच आहे. यादी द्यायची की नाही असा प्रश्न घेऊन बसू नका. मागणाऱ्याला त्याच्या कामासाठी कुठला रकाना लागतो, हे विचारा. नाही म्हणायचं ते माणसाला नको, रकान्याला म्हणा. तलाठ्याला हयातीची खात्री करायची असेल तर त्याला नाव, गाव आणि प्रकरण क्रमांक पुरतो, तोही त्याच्या सज्जाचाच. बँकेला खातं लागतं, प्रवर्ग लागत नाही. तालुका समितीला मंजुरीसाठी प्रवर्ग आणि कागद बैठकीत पाहावे लागतात, पण घरी न्यायला प्रत लागत नाही.

हे न केल्याने काय होतं, याचं एक उदाहरण मला कधी विसरता येत नाही. २००७ साली ब्रिटनच्या महसूल खात्याने बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांची सगळी माहिती दोन सीडींवर घालून लेखापरीक्षण कार्यालयाला पाठवली, नोंदणी न केलेल्या टपालाने. त्या वाटेतच हरवल्या. अडीच कोटी माणसांची नावं, पत्ते, खातेक्रमांक त्यांत होते. लेखापरीक्षकांनी आधीच सांगितलं होतं की आम्हाला बँकेचे तपशील नकोत, ते काढून पाठवा. वेगळं काढायला जादा खर्च येईल म्हणून खात्याने ते काढले नाहीत. सीडी काही सापडल्या नाहीत, खात्याच्या प्रमुखांना मात्र पद सोडावं लागलं.

रकाने गाळताना एक काळजी घ्या. एक्सेलमध्ये रकाना 'हाइड' केला की दिसत नाही, पण फाइलमध्ये असतोच. समोरचा दोन क्लिकमध्ये उघडतो. हवे तेवढेच रकाने नव्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा, गावनिहाय तुकडे करा आणि ज्याचं गाव त्याला त्याच्या कार्यालयीन मेलवर पाठवा. मेल नाहीच म्हणाला तर प्रिंट द्या, सही घ्या. ग्रुपवर फक्त "आपल्या गावाची यादी पाठवली आहे" एवढा निरोप टाका. त्या ग्रुपमधून बदली होऊन गेलेले, निवृत्त झालेले, नंबर बदललेले किती जण अजून आत आहेत ते एकदा मोजा. त्यांना काढायला कुणाचीही परवानगी लागत नसावी. कागदावर क्रमांक झाकायचा असेल तर मार्करने काळं करून तीच प्रत देऊ नका, उजेडाला धरली की आकडे वाचता येतात. काळ्या केलेल्या प्रतीची झेरॉक्स काढून ती द्या.

आणि पाठकोरे कागद. कागद वाया जाऊ नये म्हणून जुन्या प्रकरणांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रिंट काढायची सवय आपल्या हाडात मुरलेली आहे. एकदा माझ्या हातात बैठकीची सूचना आली आणि पाठीमागे कुणाच्यातरी आधारची झेरॉक्स, फोटोसकट. काटकसर चांगली, पण आधार, पासबुक, वैद्यकीय दाखला यांच्या प्रती पाठकोऱ्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका, रद्दीवाल्याकडे तर मुळीच नाही. फाडून, बारीक करून टाका.

कार्यकर्त्याच्या मागणीचं काय करायचं? तुम्ही त्याला थेट नकार देऊन वाईट होऊ नका आणि गुपचूप फाइलही पाठवू नका. आपल्या खात्यात तोंडी सांगितलेलं कामाच्या वेळी कुणालाच आठवत नाही, हे तुम्हीही तीन-चार करारांत पाहिलं असेल. दोन ओळींची टिप्पणी ठेवा: "सदर यादीत लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक तपशील, मोबाइल व प्रवर्ग नमूद आहेत. सदर माहिती शासकीय कामकाजाव्यतिरिक्त देण्याबाबत लेखी आदेश व्हावेत, ही विनंती." नम्र भाषा आहे, कुणावर आरोप नाही. माझा अनुभव असा की दहातले नऊ साहेब अशा टिप्पणीवर सही करत नाहीत. "राहू दे, नंतर बघू" म्हणतात आणि मागणी तिथेच विरते. साहेबांनाही त्याचा फायदाच असतो. कार्यकर्त्याला "लेखी अर्ज करा, नियमात बसेल ते देतो" म्हणायला त्यांना आधार मिळतो. दहाव्या साहेबांनी सही केलीच तर निर्णय त्यांचा, कागद तुमच्याकडे. तेव्हाही वरिष्ठांचं मार्गदर्शन घ्यावं, एवढं नम्रपणे म्हणून पाहा. साड्या वाटायच्याच असतील तर कार्यक्रमाची जाहिरात करावी, ज्या बायकांना यायचं त्या येतील. आपण विधवा आहोत हे कुणाच्या यादीत असावं, हे त्यांचं त्यांना ठरवू दे.

माहिती अधिकाराबद्दल मात्र मी तुमच्या सहकाऱ्यांशी अर्धवट सहमत आहे, आणि इथे तुम्हालाही सावध करते. लाभार्थी कोण, कुठल्या गावचा, किती रक्कम, कधी मंजूर, हे लोकांना कळलंच पाहिजे. राजस्थानातल्या मजूर-शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात जनसुनवायांत हजेरीपट मोठ्याने वाचून घेतले, तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावावर उचललेली मजुरी उघडी पडली. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी, २००२ साली, आपला माहिती अधिकार कायदा केला. गोपनीयतेचं नाव पुढे करून बोगस लाभार्थी झाकले जाणार असतील तर ती गोपनीयता कुणाच्या कामाची? नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम आले आणि त्याबरोबर माहिती अधिकारातलं व्यक्तिगत माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(ञ) पहिल्यापेक्षा फार व्यापक झालं. मला त्याची काळजी वाटते. त्याच्या आडोशाला बसून "सगळंच व्यक्तिगत" म्हणणं कार्यालयांना आता सोपं झालं आहे. तुम्ही तसं करू नका. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) अजून जागेवर आहे आणि कलम १० तुमच्याच कामाचं आहे: जे देता येत नाही ते वेगळं काढून उरलेलं द्या. नाव आणि रक्कम द्या, खातं आणि क्रमांक झाका. एड्स किंवा कुष्ठरोगाच्या प्रकरणात नाव आणि प्रवर्ग शेजारीशेजारी जाऊ देऊ नका. आणि असा अर्ज तुमच्या टेबलावर निकाली काढायचा नसतो. तो जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो, त्यांनी ३० दिवसांत ठरवायचं असतं.

राहिला नोकरीचा प्रश्न. सोडू नका, निदान या कारणासाठी तरी. तुमच्या जागी येणारी मुलगी पहिल्याच दिवशी फाइल पाठवून देईल, कारण तिला कुणी काही सांगितलेलं नसेल. तक्रारीचीही घाई नको. आधी टिप्पणी, मग वरिष्ठांना लेखी विनंती आणि कुणी यादी विकतोय किंवा तिचा वापर करून पैसे उकळतोय असं दिसलं तर मात्र थेट तक्रार. गप्प बसणं हा पर्याय मी मोजत नाही, कारण तुम्ही पत्र लिहिलंत त्याच दिवशी तो तुम्ही सोडलात. स्वतःच्या बचावासाठी एक गोष्ट आजच करा. तुमचं लॉगिन दुसऱ्या कुणाला देऊ नका आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरवर असेल तर काढा. उद्या यादी फुटली तर कुणाच्या लॉगिनवरून उतरवली, हाच पहिला प्रश्न येईल आणि कंत्राटी माणसाचं नाव सर्वांत आधी पुढे होईल.

नियम पाळताना माणसं अडणार नाहीत, हेही बघा. अंथरुणाला खिळलेल्या आईचा दाखला घेऊन आलेल्या मुलाला "अर्जदारच आणा" म्हणणं क्रूर आहे. आईच्या अंगठ्याचं संमतिपत्र, मुलाचं ओळखपत्र आणि तलाठ्याची खातरजमा एवढ्यावर त्याचं काम करून द्या.

ज्यांची माहिती अशा टेबलांवर पडून आहे, त्या वाचकांसाठीही थोडं. आधारची प्रत देताना तिच्यावर तारीख आणि "फक्त अमुक कामासाठी" असं आडवं लिहा. जिथे चालते तिथे पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड आधारची प्रत द्या. बोटांचे ठसे लॉक करण्याची सोय आधारच्या ॲपवर आहे आणि ती उपयोगीही आहे. नोंदणीकृत दस्तांवरून ठसे उचलून नकली अंगठे बनवल्याची प्रकरणं तेलंगणात उघड झाली आहेत. पण घरातली आजी बँकमित्राकडे अंगठा लावून पैसे काढत असेल तर लॉक करण्याआधी थांबा. तिचेच पैसे अडकतील आणि ते उघडायला तिचा नोंदणी केलेला मोबाइल हाताशी लागेल. फलकावर आपला आधार किंवा खातेक्रमांक दिसला तर फोटो काढून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. खात्यातून पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उद्यावर ढकलू नका.

ताई, टिप्पणी लिहिलीत की जावक क्रमांक टाकायला विसरू नका आणि एक प्रत घरी ठेवा. त्या बाईंना फोन मात्र त्याच्याही आधी, आजच करा. सकाळी अकराच्या आत केलात तर बरं, नंतर त्या मजुरीला गेलेल्या असतील.